पऱ्हाटी जाळण्याआधी

(नायगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

२१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळ, मनसरच्या बाह्यवळणावर, राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या एका तुकड्याचे उद्घाटन केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. तुकडा एका किलोमीटरचा. बातमी एक-दोन दिवस वर्तमानपत्रांत राहिली आणि मागे पडली. त्या किलोमीटरच्या डांबरात मात्र एक नवलाची गोष्ट मिसळलेली होती. खनिज तेल शुद्ध करताना जे डांबर उरते, त्याचा सुमारे १५ टक्के वाटा कमी करून त्या जागी लिग्निन घातले होते. लिग्निन म्हणजे वनस्पतीच्या काडीला ताठपणा देणारा पदार्थ. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने हे जैव डांबर तयार केले आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था त्या कामात सोबत होती. शेतातल्या काडीकचऱ्यातून निघालेली वस्तू देशातल्या सर्वांत लांब महामार्गात जाऊन बसली.

नायगावहून नरसी, बिलोली, बोधन करत निजामाबादकडे जाणारा माणूस अखेर याच ४४ क्रमांकाच्या महामार्गाला लागतो. म्हणजे रस्ता आपल्या वाटेवरचाच आहे, आणि त्यात मिसळलेला पदार्थ तर आपल्या शेतातलाच. नायगाव, मुखेड, बिलोली, कंधार, पलीकडे अहमदपूर आणि उदगीर या पट्ट्यात दरवर्षी किती लिग्निन पिकते याचा हिशोब कोणी ठेवत नाही, कारण ते विकले जात नाही. ते जाळले जाते.

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उरते पऱ्हाटी. तुरीची रास झाली की तुराट्या. ज्वारी निघाली की कडबा गंजीला लागतो आणि धसकटे जमिनीत राहतात. सोयाबीनचे भुसकट काही गोठ्यात जाते, काही बांधावर कुजते. या सगळ्यांत पऱ्हाटीची गत वेगळी आहे. शेळ्या पाला आणि कोवळे शेंडे ओरबाडून घेतात, पण काडीला कोणतेच जनावर तोंड लावत नाही. बैलाच्या पोटातले जिवाणू सेल्युलोज पचवतात. लिग्निनपुढे त्यांचे काही चालत नाही. गॅस येण्यापूर्वी पऱ्हाटी चुलीचे हक्काचे सरपण होती. आजही पाणी तापवायला ती लागते, पण पूर्वीसारखी नाही. रब्बीची किंवा उन्हाळी मशागतीची घाई असली की बांधाला ढीग लावून काडी ओढली जाते.

हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. महाराष्ट्रात कापसाखाली साधारण ४० लाख हेक्टर जमीन असते. म्हणजे राज्यात निघणारी पऱ्हाटी एक कोटी टनांच्या घरात जाते. या व्याख्यानाचे सांगणे एवढेच आहे की हा ढीग म्हणजे निसर्गाने आधीच तयार करून दिलेले संमिश्र द्रव्य आहे; त्याचे काय करायचे हे बऱ्याच अंशी ठाऊक आहे; आणि घोडे अडले आहे ते प्रयोगशाळेत नव्हे, वेचणी संपल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत.

आधी द्रव्य समजून घ्यायला हवे. जुन्या घराचा कूड आठवून पाहावा. तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या-आडव्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी माती लिंपायची, आणि त्या मातीत शेण व भुसा कालवायचा. काड्या ताण सोसतात, माती दाब सोसते, आणि शेण-भुश्यामुळे माती काडीला धरून राहते. पऱ्हाटीच्या आत, नजरेला न दिसणाऱ्या पातळीवर, अगदी अशीच रचना असते. तिथे काडीचे काम सेल्युलोज करते, मातीचे काम लिग्निन करते, आणि दोघांची गाठ घालून देणारे हेमिसेल्युलोज मधे असते. पऱ्हाटीत ढोबळमानाने चाळीस टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असते आणि लिग्निन पाव हिश्शाच्या जवळपास. काटेकोर आकडे वाण, जमीन आणि काढणीची वेळ यांप्रमाणे बदलतात.

सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज ही बहुशर्करा आहेत, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या माळा. सेल्युलोजची माळ ग्लुकोजची असते. ज्वारीच्या पिठातला स्टार्चही ग्लुकोजचाच असतो. फरक असतो मणी एकमेकांना जोडण्याच्या रीतीत. स्टार्चची माळ वळणे घेत जाते, आपल्या पोटातली पाचके ती सहज तोडतात. सेल्युलोजच्या माळा सरळ असतात, एकमेकींना चिकटून समांतर बसतात आणि त्यांचा दोर वळला जातो. भाकरी आणि पऱ्हाटी एकाच साखरेच्या. एक पोटात विरघळते, दुसरी उन्हात ताठ उभी राहते.

लिग्निनचे कुळ निराळे. ते साखरेचे नाही. त्याच्या घटकांत सहा कार्बनांची बंद कडी असते आणि हे घटक माळेसारखे क्रमाने न जुळता सगळ्या दिशांना, जिथे जमेल तिथे जुळतात. त्यामुळे लिग्निनचा एक ठरलेला रेणू दाखवता येत नाही. पऱ्हाटीचे वेगळे, उसाचे वेगळे, सागाचे वेगळे. शिवाय ते ज्या पद्धतीने बाहेर काढावे तसे बदलते. उद्योगांना दरवेळी सारखाच माल हवा असतो, म्हणून ते लिग्निनला इतकी वर्षे टाळत आले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अँसेल्म पायेन याने १८३८ मध्ये लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून सेल्युलोज वेगळे दाखवले, आणि पुढची जवळजवळ दोन शतके माणसाने सेल्युलोजवर प्रेम केले. कागद, रेयॉन, सेलोफेन हा सगळा पसारा सेल्युलोजचा. लिग्निन काढून टाकायचे, हा कागद कारखान्याचा पहिला धडा. ते राहिले तर कागद पिवळा पडतो. जुने वर्तमानपत्र उन्हात पिवळे पडते ते त्याच्यामुळेच. बल्लारपूरला १९४५ साली जो कारखाना निघाला त्याच्या मूळ नावात ‘स्ट्रॉ बोर्ड’ असे शब्द होते. पुढे तो बांबूच्या कागदासाठी नावाजला. अशा सर्व कारखान्यांत लगदा शिजवल्यावर जो काळा द्राव उरतो त्यात लिग्निन असते. तो आटवून भट्टीत जाळतात, त्यावर वाफ आणि वीज काढतात, आणि खर्ची पडलेली रसायने परत मिळवतात. हिशोबाला हे चोख आहे. जगभर वेगळे होणाऱ्या लिग्निनचा फार थोडा भाग भट्टीबाहेर पडून वस्तूचे रूप घेतो.

उलट्या दिशेने विचार करणारा एक माणूस अमेरिकेत निघाला. विल्यम मेसन हा थॉमस एडिसनच्या हाताखाली काम केलेला अभियंता. मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी लाकूड गिरण्यांबाहेर पडलेले भुशाचे आणि चिपांचे डोंगर त्याला खुपत होते. १९२४ च्या सुमारास त्याने लाकडाच्या चिपा पोलादी नळकांड्यात भरल्या, वाफेचा प्रचंड दाब दिला आणि तोंड एकदम उघडले. चिपा फुटून तंतू झाले. ते तंतू तापत्या दाबयंत्रात ठेवले तेव्हा कडक, गुळगुळीत फळी तयार झाली. त्यात सरस नव्हता, राळ नव्हती. वाफेने मऊ झालेले लिग्निन तंतूंवर पसरले होते आणि दाबाखाली थंड होताना त्यानेच तंतू पुन्हा जखडले. ओल असताना लिग्निन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते. मेसनची सगळी युक्ती या एका गुणावर उभी आहे. ‘मेसोनाइट’ या नावाने ती फळी पुढे जगभर गेली.

आपल्याकडचा पांढरा कोळसा याच तत्त्वावर चालतो. काडीकचरा दळून यंत्राच्या तोंडातून जोराने रेटला की घर्षणाच्या उष्णतेने लिग्निन मऊ होते आणि चिकट पदार्थ न घालता कांडी तयार होते. नागपुरात अंत्यसंस्कारासाठी ‘मोक्षकाष्ठ’ म्हणून अशा कांड्या वापरल्या जातात. झाडे वाचवणारे हे काम चांगले आहे. तरीही जो पदार्थ वीस वर्षे टेबल म्हणून उभा राहू शकतो, त्याची पहिलीच नेमणूक आगीत व्हावी हे पटत नाही. जळण ही त्याची शेवटची नेमणूक असावी.

ज्या वर्षी मेसन लॉरेलमध्ये धडपडत होता, त्याच १९२४ साली मुंबईत माटुंग्याला कापसाची तंत्रप्रयोगशाळा सुरू झाली. आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे ‘सिरकॉट’, म्हणून ओळखली जाते. तिचे मुख्य काम धाग्याचे: लांबी, ताकद, तलमपणा. पण इथल्या संशोधकांनी बोंडाखालच्या काडीकडेही पाहिले. कॉमन फंड फॉर कमोडिटीज या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने, नागपूरच्या आपल्या केंद्राला हाताशी धरून, त्यांनी पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याची पद्धत बसवली. काडीच्या चिपा करायच्या, त्या हातोडा गिरणीत बारीक करायच्या, चाळून माती आणि धूळ काढायची, वाळवायच्या, राळ फवारायची. मग तीन थर लावायचे, बाहेरचे दोन बारीक कणांचे आणि मधला जाड कणांचा. तापत्या दाबयंत्रात ते थर दाबले की फळी तयार. राळेशिवाय, पऱ्हाटीतल्याच लिग्निनच्या जोरावर फळी जमवण्याचे प्रयोगही याच संस्थेत झाले. पुढे २०१५ मध्ये माटुंग्यात नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखानाही उभा राहिला. पऱ्हाटीचा बोर्ड ही कल्पनेतली वस्तू नाही, हे सांगण्यासाठी इतका तपशील.

मानकाचा प्रश्नही सुटलेला आहे. पार्टिकल बोर्डाचे भारतीय मानक ३०८७ आपल्या शीर्षकातच लाकडाबरोबर ‘इतर लिग्नोसेल्युलोजयुक्त द्रव्ये’ धरते. फळी मानकाला उतरली तर ती सागवानाच्या भुश्याची की मुखेडच्या पऱ्हाटीची, हे मानक विचारत नाही. उसाच्या चिपाडाने ही वाट आधीच चोखाळली आहे. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला चिपाडाचे बोर्ड कारखान्यात निघाले. चिपाडाची सोय अशी की ते गोळा करावे लागत नाही. ऊस स्वतःच कारखान्यात चालत येतो आणि चिपाड तिथेच पडते. कुंटूरच्या कारखान्याच्या आवारात चिपाडाचा ढीग पाहिलेल्या नायगावकराला हे सांगायला नको. पण कारखाने ते बॉयलरला घालतात, त्यावर वीज करतात आणि विकतात. त्यामुळे त्याला भाव आहे आणि दावेदार आहेत. पऱ्हाटीला दावेदार नाही.

एक ढोबळ हिशोब करून पाहण्यासारखा आहे. आठ फूट बाय चार फूट, बारा मिलिमीटर जाडीची मध्यम घनतेची फळी साधारण २५ किलोंची भरते. एकरी एक टन पऱ्हाटी धरली आणि साल, धूळ, ओल, छाट यांत पाव हिस्सा गेला असे मानले, तरी एका एकरात तीस फळ्यांचा माल उभा असतो. शाळेतल्या बाकांचे माथे, कपाटांच्या पाठी, दारांचे भराव, खोलीतल्या आडभिंती. आज या भागात असा माल बाहेरून येतो.

घोडे अडते ते राळेपाशी, असे काही जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. स्वस्त बोर्डात युरिया फॉर्मल्डिहाइड राळ असते. तिच्यातून हळूहळू फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो माणसाला कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. बंद खोलीत, उन्हाळ्यात ४२ अंशांच्या नांदेडला, नवा बोर्ड वास मारतो तो त्याचाच. म्हणून जगभर दोन वाटा शोधल्या जात आहेत. एक, राळेतला काही भाग लिग्निनने भरायचा. लिग्निनचा रेणू फिनॉलचा नातलग असल्याने फिनॉलच्या राळेत तो बसतो. दुसरी, राळच सोडायची आणि लिग्निनला बहुशर्करांशी नव्याने जोडायचे.

दुसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण जर्मनीत आहे. फ्राउनहोफर संस्थेत काम करणारे युर्गेन फित्सर आणि हेल्मुट नेगेले यांनी १९९८ मध्ये ‘टेक्नारो’ ही छोटी कंपनी काढली. कागद उद्योगातले लिग्निन, त्यात अंबाडीच्या जातीचे किंवा जवसाचे, लाकडाचे नैसर्गिक तंतू, थोडी नैसर्गिक पूरके. या सगळ्याचे दाणे. हे दाणे प्लॅस्टिकच्या दाण्यांप्रमाणे वितळवून साच्यात भरता येतात. ‘आर्बोफॉर्म’ हे त्याचे नाव. लोक त्याला द्रवरूप लाकूड म्हणू लागले. स्पीकरची खोकी, मूर्ती, बुटांच्या टाचा अशा वस्तू त्यातून निघाल्या. २०१० मध्ये दोघांना युरोपियन संशोधक पुरस्कार मिळाला. त्यांनी डांबर किंवा खोक्यांच्या बाजारात स्पर्धा करण्याचा हट्ट धरला नाही. जिथे लाकडासारखा स्पर्श आणि प्लॅस्टिकसारखा साचा दोन्ही हवे होते, तिथे ते गेले. लहान उद्योगाने घ्यावी अशी ही निवड आहे.

आपल्याकडे बहुशर्करेचा आणखी एक साठा आहे आणि त्याची ओळख फार जुनी आहे. घोंगडी विणून झाली की सनगर तिला चिंचोक्याची खळ लावतात, मग घोंगडी कडक होते, पाऊस झेलते. चिंचोक्याच्या पिठात झायलोग्लुकान नावाची बहुशर्करा असते. तिचा कणा सेल्युलोजसारखाच ग्लुकोजचा, आणि त्याला बाजूने इतर साखरांच्या फांद्या. कणा सारखा असल्याने ती सेल्युलोजला घट्ट बिलगते. फांद्यांमुळे ती पाण्यात फुगते आणि पसरते. लातूर, बार्शीच्या बाजारात चिंच येते, चिंचोका निघतो, आणि त्याचे पीठ कापड उद्योगाला खळ म्हणून जाते. पऱ्हाटीचा तंतू, पऱ्हाटीचेच लिग्निन आणि चिंचोक्याची खळ यांचे मिश्रण पाण्यात किती टिकते, खिळा किती धरते, वाळवी किती लागते, हे पाहण्यासाठी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जालन्याचे रसायन तंत्रज्ञान संस्थेचे आवार यांच्याकडे माणसे आणि उपकरणे आहेत. तरुण संशोधकांना परदेशातला विषय शोधावा लागू नये इतका हा विषय जवळ आहे.

पाण्याचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज पाण्याचे लोभी. राळ कमी केली की फळी फुगते. लिग्निन पाण्याला दूर ठेवते, पण ते सगळीकडे सारखे पसरले तरच. म्हणून अशा फळीची जागा छपराखाली, आत. कोणी ती उघड्यावर, पावसात लावली आणि ती फुगली तर दोष फळीचा नसेल, पण बदनामी तिचीच होईल, आणि मग पुढची दहा वर्षे कोणी हात लावणार नाही. अशा वस्तूची पहिली ओळख फार जपून करून द्यावी लागते.

लातूर-नांदेडच्या माणसाला घराच्या वजनाविषयी वेगळे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेत गेली. भूकंपाची तीव्रता साडेसहाच्या आतली होती. जगात त्याहून मोठे धक्के कमी हानी करून गेले आहेत. इथे मारले ते भिंतींनी आणि माळवदांनी. दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती, आत चिखल, वर वर्षानुवर्षे चढत गेलेली पांढऱ्या मातीची जाडी. धक्का बसला आणि ते सगळे वजन माणसांवर आले. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा होता, त्यांतल्या काहींत भिंती बाहेर पडल्या तरी सांगाडा उभा राहिला. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली, काँक्रीट आले. हलकी आडभिंत, हलके छत आणि मजबूत सांगाडा यांचा अर्थ या जिल्ह्यांना जितका कळतो तितका क्वचित कुणाला कळेल. पऱ्हाटीची फळी भार पेलणारी भिंत होणार नाही, होऊ नये. पण सांगाडा मजबूत असेल तर आतल्या आडभिंतींना दगडाची गरज नाही, आणि दगडी बांधकामाच्या तुलनेत फळीची घनता एक तृतीयांशाहूनही कमी असते.

आता जमिनीची बाजू. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींतला सेंद्रिय कर्ब घटला आहे, बऱ्याच ठिकाणी तो अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे. मग शेतातून आणखी काही नेणे योग्य का, असा प्रश्न जाणते शेतकरी विचारतात. प्रश्न खरा आहे. लिग्निन सावकाश कुजते आणि ह्यूमस बनण्यात त्याचा वाटा असतो. जो शेतकरी श्रेडर फिरवून पऱ्हाटी जमिनीत मिसळतो, त्याने ते सोडू नये. त्याच्या शेतातली एक काडीही कारखान्याला मागण्याचा कोणाला अधिकार नाही. गळालेला पाला, मुळे, रिकामी बोंडे शेतात राहिलीच पाहिजेत. या व्याख्यानात जिची मागणी आहे ती बांधावर पेटणारी पऱ्हाटी. तिचा कर्ब जमिनीत जात नाही, आकाशात जातो.

राहिले ते पाच-सहा आठवडे. याच ठिकाणी पऱ्हाटीची गोष्ट रसायनातून शेतात येते.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राच्या कापसाचे काय केले ते सर्वांना आठवते. तेव्हापासून कृषी विभाग दरवर्षी सांगतो: फरदड, म्हणजे हंगामापुढे लांबवलेले पीक, घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीपर्यंत पीक संपवा, पऱ्हाटी उपटा, घराशेजारी किंवा शेताच्या कडेला गंजी लावून ठेवू नका. कारण अळी पऱ्हाटीवरच्या अर्धवट उमललेल्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या पेऱ्यावर उतरते. शेतकऱ्याला हे कळते. पण उपटण्याला मजूर लागतात, चिमट्याने एक-एक झाड ओढणे कंबर मोडणारे काम आहे, आणि त्याचा मोबदला शून्य. म्हणून पऱ्हाटी उभी राहते, उशिरा निघते, गंजीला लागते किंवा पेटते. तिला चार पैसे मिळाले तर हेच काम वेळेवर होईल. फळीचा कारखाना आणि बोंडअळीचे नियंत्रण यांचे वेळापत्रक जुळते, हा योग दुर्मीळ आहे आणि तो वाया घालवू नये.

त्याच्याबरोबर एक धोकाही येतो. कारखान्याच्या दारात वर्षभर अख्ख्या पऱ्हाटीच्या गंज्या उभ्या राहिल्या, तर आसपासच्या गावांसाठी ती बोंडअळीची कोठारे होतील. म्हणून पऱ्हाटी अख्खी साठवायचीच नाही, ही पहिली अट हवी. शेतावर किंवा गावाच्या शिवारातच चिपा करायच्या. चिपा केल्याने अळी मरते आणि वाहतूकही परवडते. अख्खी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली तर फांद्यांमधली हवाच जास्त वाहिली जाते. डिझेल हवेवर खर्च होते. आजवर अनेक ठिकाणी पऱ्हाटीवरचे उद्योग अडखळले ते इथे. काडी शेतात फुकट असते आणि दहा-पंधरा कोसांवरच्या दारात पोचेपर्यंत महाग होते.

गोळा करण्याची जागा कोणती, याचे उत्तर जिनिंगमध्ये आहे. नांदेड जिल्ह्याने कापसाभोवती बरेच काही उभे केले होते. निजामाच्या काळातली उस्मानशाही मिल नांदेडची ओळख होती, नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकरित वाण मराठवाड्याबाहेरही पेरला गेला. मिल बंद पडली, वाण मागे पडले, पण जिनिंग राहिल्या. त्यांच्याकडे मोकळे आवार आहे, वजनकाटा आहे, वीज आहे, आग विझवण्याची सोय आहे, आणि शेतकऱ्याला तिथला रस्ता पाठ आहे. बोंडअळीचे पतंग पकडण्यासाठी कामगंध सापळे लावण्याच्या सूचना त्यांना आधीपासून आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत कापसाची आवक ओसरू लागते तेव्हाच चिपांची आवक सुरू होऊ शकते. रुई आणि चिपा एकाच आवारात म्हणजे आगीचा दुहेरी धोका; त्यासाठी चिपांचे शेड वेगळे आणि पुरेशा अंतरावर हवे. एवढी काळजी घेतली तर नवी जागा, नवा काटा, नवा रस्ता यांवर पैसा ओतावा लागत नाही.

चिपा करणारे यंत्र ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, चालते. गावात एक ट्रॅक्टर आणि एक चिपर असलेला गट, मग तो बचत गट असो की शेतकरी उत्पादक कंपनी, हंगामात शिवारभर फिरू शकतो. उपटणाऱ्या मजुराची रोजी, यंत्राचे भाडे, ट्रॉलीची खेप, या तिन्हींनंतर शेतकऱ्याच्या हातात काही उरले पाहिजे. न उरले तर काडीपेटी स्वस्त पडेल.

आणि भाव कशावर ठरणार हे आधी जाहीर व्हायला हवे. पऱ्हाटी नुसत्या वजनावर घेतली तर ओल्या मालाला जास्त पैसे मिळतील. चिपा ओल्या आल्या की ढिगात तापतील, बुरशी धरतील, आणि फळी फुगेल. सोयाबीनच्या खरेदीत बारा टक्के ओलाव्याची अट शेतकऱ्याला माहीत आहे, तिथल्या मापावरून होणारे वादही त्याने सोसले आहेत. पऱ्हाटीच्या काट्यावर ओलावामापक शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर लागला पाहिजे, कोरड्या वजनाचा हिशोब पावतीवर उतरला पाहिजे, आणि मातीमुळे होणारी वजावट किती हे हंगामाआधी फलकावर लिहिलेले असले पाहिजे. नरसी, कुंटूर, मांजरम, बरबडा यांपैकी कुठल्याही एका गावाच्या शिवारात पुढच्या जानेवारीत एक चिपर आणि एक ओलावामापक घेऊन सुरुवात करता येईल. चिपांचे पहिले पोते माटुंग्याला किंवा नागपूरला तपासणीसाठी पाठवायला त्याहून मोठी तयारी लागत नाही.